तिसरं मत कुणाचं?

खरं सांगा, सोसायटीच्या मीटिंगला तुम्ही शेवटचं कधी गेला होतात? नोटीस लागते, ग्रुपवर आपण अंगठा टाकतो आणि रविवारी सकाळी दहा वाजता टेरेसवर असतात फक्त चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार आणि पाण्याच्या तक्रारीवाले काका. मग ते ठरलेलं वाक्य येतं, ‘गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब.’ अर्ध्या तासाने तीच माणसं, त्याच खुर्च्या, आणि आता सगळं कायदेशीर! पार्किंगचे रेट वाढतात आणि सोमवारी लिफ्टमध्ये आपण चिडचिड करत बसतो.

गणपूर्ती म्हणजेच कोरम. मूळ लॅटिन शब्द, अर्थ साधारण ‘ज्यांच्यापैकी’. लोकसभेचा कोरम एक दशांश, म्हणजे ५४३ पैकी ५५ खासदार हवेत. महाराष्ट्रातल्या ग्रामसभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, जो आकडा कमी असेल तेवढे. आणि तहकूब झालेली ग्रामसभा पुन्हा भरली की कोरमची अट नाही. माणसांनी स्वतःसाठी पळवाट ठेवलीय, एकदम देशी स्टाइल.

मी हा शब्द रोज ऑफिसात वापरते, पण माणसांसाठी नाही, सर्व्हरसाठी. हिंजवडीत एका कंपनीच्या इन्फ्रा टीममध्ये आहे. लग्नात कुणी विचारलं की ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढंच सांगते आणि विषय बदलते. आमच्या धंद्यात मात्र तो अर्ध्या तासाचा नियम चालत नाही. का चालत नाही, हे मला नीट समजावून सांगावं लागलं ते हिंजवडीत नाही, तर थेट वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाट तालुक्यात, आमच्या मामांना!

मामा तिकडच्या एका छोट्या धर्मादाय दवाखान्याचे विश्वस्त. पूर्वी गावचे सरपंच होते, त्यामुळे सभा, ठराव, इतिवृत्त हा सगळा प्रकार रक्तातच. दवाखान्यात दोन सर्व्हर आहेत. हे ‘व्हर्च्युअलायझेशन’ ऐकायला भारी वाटतं, पण कल्पना जुन्या वाड्यासारखी आहे. वाडा एक, बिऱ्हाडं अनेक. एकाच दणकट मशीनच्या पोटात केसपेपरचा कॉम्प्युटर वेगळा, औषध दुकानाचा वेगळा, लॅबच्या रिपोर्टचा वेगळा. हे कॉम्प्युटर हाताला लागत नाहीत, पण प्रत्येकाचं दार स्वतंत्र. असे दोन वाडे एकमेकांना जोडले की झाला क्लस्टर. एक वाडा पडला तर बिऱ्हाडं दुसऱ्यात हलवायची. ज्या सप्लायरने हे बसवलं, त्याने प्रॉक्समॉक्स नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर टाकलं होतं. चांगलं आहे, मीही वापरते. ‘एक गेलं तरी दुसरं आहेच,’ असं सांगून तो बिल घेऊन गेला.

गेल्या मे महिन्यात तिकडे पारा पंचेचाळीसच्या वर. रात्री लाइट गेली, यूपीएसची बॅटरी संपली, दोन्ही सर्व्हर बंद. पहाटे लाइट आली तेव्हा एकाचा पॉवर सप्लाय उडालेला. दुसरा मस्त चालू झाला, हिरवे दिवे, पंखे, सगळं. पण आतलं एकही बिऱ्हाड दार उघडेना. साडेआठला ओपीडीची रांग लागलेली, पहिल्या एसटीने खेड्यांतून आलेली माणसं केसपेपरसाठी उभी, औषधाच्या खिडकीवर कुणाची कुठली गोळी चालू आहे हे दिसत नाही. आणि स्क्रीनवर एकच ओळ, ‘क्लस्टर नॉट रेडी, नो कोरम?’ त्या मेसेजमध्ये शेवटी खरंच प्रश्नचिन्ह असतं. जणू मशीनच आपल्याला विचारतंय.

मामांचा फोन आला तेव्हा मी स्टँड-अप कॉलवर होते.

‘काय वं, हे मशीन चालू हाये, लाइट लागला हाये, मंग काम काऊन नाई करत? चांगलं धडधाकट हाये न!’

प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर एका साध्या गणितात आहे. क्लस्टरमध्ये प्रत्येक मशीनला एक मत. काही करायचं तर निम्म्याहून जास्त मतं हजर हवीत. तीन मशीन असतील तर दोन हवीत, पाच असतील तर तीन. आणि दोनच असतील तर? दोनचे निम्मे एक, त्याहून जास्त म्हणजे दोन. दोघंही हवेत! म्हणजे दोन मशीनच्या क्लस्टरमध्ये एक गेलं की दुसरं कायद्याने गप्प. गंमत पाहा, चार मशीन घेतली तर तीन हवीत, म्हणजे तिथेही एकच पडलेलं चालतं, जेवढं तीनमध्ये चालत होतं तेवढंच. चौथ्याचे पैसे गेले, सुरक्षितता तेवढीच. म्हणून आमच्या धंद्यात विषम आकडा लाडका.

‘पण कायदा कायले पाह्यजे? दुसरं तर मेलं हाये!’

खरी मेख इथेच आहे. दुसरं मेलंय हे मामांना दिसत होतं, मशीनला नाही. मशीनला फक्त एवढंच कळतं की पलीकडून आवाज येत नाही. पलीकडचं मशीन जळालं तरी शांतता, आणि मधली केबल उंदराने कुरतडली तरी शांतता. पहिल्या प्रकारात कारभार हातात घेणं योग्य. दुसऱ्यात मात्र पलीकडचं मशीनही जिवंत आहे, आणि तेही अगदी हाच विचार करतंय, ‘तो गेला, आता मीच मालक.’ मग दोघंही केसपेपरचा कॉम्प्युटर सुरू करणार. एकावर सिस्टर पेशंटची अॅलर्जी लिहिणार, दुसऱ्यावर औषधवाला त्याच पेशंटला औषध देणार. दोन्हीकडे एकच केसपेपर नंबर दोन वेगळ्या माणसांना मिळणार. केबल जोडल्यावर हातात दोन रेकॉर्ड, दोन्ही अर्धी खरी. याला आम्ही ‘स्प्लिट ब्रेन’ म्हणतो, एका देहात दोन डोकी.

हे मी फोनवर सांगत होते आणि पलीकडून मामा एकदम म्हणाले, ‘म्हंजे दोन इतिवृत्तं!’

बॉस, इतकी नेमकी व्याख्या मला कुठल्याही ट्रेनिंगमध्ये मिळाली नव्हती. आपल्याकडे ज्यांनी एखादी संस्था जवळून पाहिलीय त्यांना हे लगेच कळेल. विश्वस्तांमध्ये फूट पडते, दोन गट दोन ठिकाणी सभा घेतात, दोघांची इतिवृत्ताची वही वेगळी, दोघंही धर्मादाय आयुक्तांकडे आपापला चेंज रिपोर्ट दाखल करतात. खरी कमिटी कोणती? मग वर्षानुवर्षं तारखा. तोवर बँक खातं गोठलेलं, शिक्षकांचे पगार अडकलेले. मामांनी अशा दोन संस्था जवळून पाहिल्यात. त्यामुळे मशीन गप्प बसलंय ते बिघडलंय म्हणून नाही, दुसरी वही उघडायला नकार देतंय म्हणून, हे त्यांना पटलं.

पण रांग तर समोर होती. सप्लायरच्या माणसाने फोनवर उपाय सांगितला होता, एक कमांड आहे, ‘एक्स्पेक्टेड वन’. म्हणजे सर्व्हरला सांगायचं की आजपासून एकाच मताची अपेक्षा ठेव. कमांड खरी आहे आणि कामाचीही. पण ती टाकण्याआधी एक गोष्ट हवी, दुसरं मशीन खरोखर मेलंय आणि चुकूनही उठणार नाही, याची खात्री. मोठ्या सेटअपमध्ये ही खात्री यंत्रच करतं, बिघडलेल्या मशीनची वीज सरळ तोडून. त्या प्रकाराचं लाडकं नाव आहे ‘स्टोनिथ’, म्हणजे ‘शूट द अदर नोड इन द हेड’. आमच्या क्षेत्रातल्या लोकांना नावं ठेवायचा सेन्स जरा हिंसकच!

मी म्हटलं, ‘मामा, बंद पडलेल्या मशीनची पॉवर केबल काढा, नेटवर्कची पण काढा. आणि दोन्ही हातात धरून मला व्हिडिओ कॉल करा.’

दोन मिनिटांत स्क्रीनवर मामा, हातात दोन वायरी, साप पकडल्यासारख्या. ‘हे पाय. आता टाक तुही कमांड.’

नऊ वाजून दहा मिनिटांनी खिडकी सुरू झाली. दोन सर्व्हरमध्ये दर पंधरा मिनिटांनी कॉपी होत होती, त्यामुळे रात्रीच्या शेवटच्या काही नोंदी तेवढ्या नव्हत्या. त्या मोठ्या सिस्टरांनी कागदी रजिस्टरवरून पुन्हा भरल्या. रजिस्टर बंद करायला त्या कधीच तयार झाल्या नव्हत्या. त्या दिवशी सगळ्यांनी त्यांना मनातल्या मनात सलाम केला असणार.

पण त्यानंतर जे झालं ते जास्त धोक्याचं होतं. कमिटीतल्या एकांनी प्रस्ताव मांडला, ही ‘एक मत’वाली सेटिंग कायमचीच करून टाका. रोज रोज वायरी कोण धरणार? दुसऱ्यांचं म्हणणं, नवीन मशीन मोठं आहे, त्याला दोन मतं द्या. ऐकायला समंजस वाटतं, पण हिशेब करा. एकूण मतं तीन, लागतात दोन. मोठं मशीन एकटंच राज्य करणार आणि ते पडलं की छोट्याचं एक मत कधीच पुरणार नाही. म्हणजे क्लस्टर नाही, नुसता बॉस झाला. (असे क्लस्टर आपण सगळ्यांनी ऑफिसात पाहिलेत, हो ना?)

शेवटी सुट्टी टाकली, महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली आणि वर्ध्याला उतरले. कमिटीची सभा होती. कोरम पाच जणांचा, आले चार. अर्धा तास तहकूब, चहा, पोहे, मग सभा सुरू! मी हसू आवरत बसले होते. पण तिथेच एक वयस्कर काका होते, सर्वोदयवाले, खादीतले. ते म्हणाले, ‘दोघांचं एकमत झाल्याशिवाय काम नाही, हे तर चांगलंच आहे की बेटा. पवनारला तसंच चालतं.’

त्यांचा मुद्दा खरा होता. धाम नदीकाठी पवनारला विनोबांनी १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. तिथल्या भगिनी निर्णय बहुमताने नाही, सर्वसंमतीने घेतात. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) गावही याच पद्धतीसाठी देशभर ओळखलं जातं. दोन मशीनचा क्लस्टर म्हणजे नेमकी सर्वसंमतीच. एकाचं जरी मत नसलं तरी थांबा. मी काकांना म्हटलं, ‘काका, सर्वसंमतीला थांबायची मुभा लागते. आज नाही पटलं, उद्या बसू. ओपीडीला उद्या नसतो.’ काका क्षणभर गप्प राहिले आणि मग स्वतःच म्हणाले, ‘बरोबर. आणि बेचाळीसचा ठराव वर्ध्याला झाला, तरी शेवटचा शब्द मुंबईचा होता.’ १४ जुलै १९४२ ला काँग्रेस वर्किंग कमिटीने वर्ध्यात ठराव केला, पण त्यावर शिक्कामोर्तब झालं ८ ऑगस्टला, मुंबईत गवालिया टँकवर, महासमितीत. खोलीबाहेरचं मत घ्यायची सवय या जिल्ह्याला जुनीच आहे.

आणि मला नेमकं तेच हवं होतं, खोलीबाहेरचं तिसरं मत.

तिसरा सर्व्हर घ्यायला पैसे नव्हते, पण तशी गरजही नव्हती. या सॉफ्टवेअरमध्ये ‘क्यू-डिव्हाइस’ नावाची सोय आहे. एखादा जुना, साधा पीसी चालतो. तो केसपेपर सांभाळत नाही, औषधांचा हिशेब ठेवत नाही, फक्त मत देतो. दोन्ही सर्व्हरचं एकमेकांशी बोलणं तुटलं आणि दोघंही त्याच्याकडे आले, तर तो कुणातरी एकालाच मत देणार. दोघांना कधीच नाही. मग एकाकडे दोन मतं, तो चालतो. दुसऱ्याकडे एक, तो गप्प बसतो. तंटामुक्त गाव!

खरा प्रश्न होता, हा पीसी ठेवायचा कुठे? मामांनी कौतुकाने त्याच सर्व्हर रूममध्ये, त्याच यूपीएसवर, त्याच स्विचजवळ एक टेबल रिकामं केलं होतं. मी म्हटलं, ‘मामा, हा तर घरचाच साक्षीदार झाला. लाइट गेली की तिघंही एकदम जाणार.’ तिसऱ्या मताची किंमत त्याच्या ताकदीत नसते. ते इतर दोघांसोबत बुडत नाही यात असते. मग तो पीसी गेला अंगणापलीकडच्या औषध दुकानात, वेगळ्या यूपीएसवर, वेगळ्या केबलने. दोन सर्व्हरमध्ये आणखी एक थेट केबल टाकली, म्हणजे एक तुटली तरी गप्पा चालू. कॉपी पंधराऐवजी दर पाच मिनिटांनी लावली. आणि ‘एक मत’ सेटिंग? ती कायमची करायचा विचार कमिटीने ठरावाने रद्द केला. कोरम चारचाच होता, पण चालतंय!

एक गोष्ट मात्र मी सगळ्यांना स्पष्ट सांगितली. कोरममुळे कोण बोलणार हे ठरतं. बोलणाऱ्याला शेवटची बातमी माहीत आहे का, हे नाही ठरत. २१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहबसारख्या जगड्व्याळ कंपनीत, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, दोन ठिकाणांमधला संपर्क फक्त ४३ सेकंद तुटला. त्यांच्या यंत्रणेने रीतसर बहुमत जमवून पश्चिम किनाऱ्यावर नवा प्रमुख निवडला. पण पूर्वेकडे काही सेकंदांच्या अशा नोंदी होत्या ज्या पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या. दोन वह्या! घाई केली असती तर लोकांचा डेटा गेला असता. त्यांनी सावकाश जुळवाजुळव केली आणि सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. म्हणून सिस्टरांचं रजिस्टर चालूच राहणार, हा ठरावही झाला. त्यांनी माझ्याकडे बघून एवढंच म्हटलं, ‘मी सांगतच होते.’

रविवारी दुपारी, ओपीडी बंद असताना, आम्ही टेस्ट घेतली. चालत्या सर्व्हरच्या सगळ्या नेटवर्क केबल मामांनीच ओढल्या. हातात घड्याळ, कपाळावर घाम. एकट्या पडलेल्या सर्व्हरने थोडा वेळ वाट पाहिली, आपल्याकडे एकच मत आहे हे ओळखलं आणि स्वतःच रीस्टार्ट झाला. भांडण नाही, आरडाओरडा नाही. औषध दुकानातल्या त्या जुन्या पीसीचं मत दुसऱ्याला मिळालं आणि काही मिनिटांत केसपेपरचा कॉम्प्युटर तिकडे सुरू झाला. मामा म्हणाले, ‘याले म्हनते समजदारी. आपल्याकडे मत नाई तर गप बसा न बाप्पा!’

परतीच्या गाडीत मी हाच विचार करत होते. आपली सगळी पिढी ‘ऑलवेज ऑन’ची. मेसेजला उत्तर आलं नाही की आपण समजतो, त्याला काही पडलेलीच नाही, आणि आपला निर्णय घेऊन मोकळे होतो. कधीकधी समोरचा फक्त बोगद्यात असतो. भावाला न विचारता आईचा डॉक्टर बदलणारे आणि त्याच दिवशी भावाने तिसऱ्याच डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतलेली, असे किस्से माझ्या ओळखीतच चार आहेत. शांततेचा अर्थ लावण्याआधी तिसऱ्या कुणाला तरी विचारावं, एवढं साधं आहे ते. आणि तो तिसरा आपल्याच टेबलावर बसून आपलीच भेळ खाणारा नसावा.

१९९८ मध्ये लेस्ली लॅम्पर्ट नावाच्या संगणकशास्त्रज्ञाने या विषयावरचा गाजलेला पेपर छापला, तो पॅक्सॉस बेटावरच्या काल्पनिक संसदेची गोष्ट रचून. सदस्य कधी येतात, कधी उठून जातात, निरोपे निरोप विसरतात, तरी कायद्यांच्या वह्या एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. त्याला पुढे २०१३ चं ट्युरिंग अवॉर्ड मिळालं. आज जगभरातले मोठे डेटाबेस या विचारावर चालतात. त्याने खुर्च्या सोडून जाणाऱ्या सदस्यांना दोष दिला नाही. ते जाणारच, हे धरूनच नियम केले. मला हे फार आवडतं.

तर मंडळी, तुमच्या ऑफिसात, बँकेत किंवा मावशीच्या क्लिनिकमध्ये कुणी अभिमानाने ‘आमच्याकडे दोन सर्व्हर आहेत’ असं म्हणालं, तर फक्त एवढं विचारा, ‘तिसरं मत कुठे ठेवलंय?’ समोरचा हसून सांगू शकला, तर निर्धास्त राहा. आणि तो डोकं खाजवायला लागला, तर मात्र कागदी रजिस्टर कुठल्या कपाटात आहे तेही लगेच विचारून ठेवा.